कुठवर बापू

आमच्या वाटूर फाट्यावर एक गृहस्थ आहेत, ते कोणालाही नमस्कार करत नाहीत. गैरसमज नको, माणूस उद्धट नाही. तुम्ही 'राम राम' म्हणा, ते म्हणतील, "कुठवर?" तुम्ही 'सलाम वालेकुम' म्हणा, ते म्हणतील, "कुठवर?" 'जय भीम', 'जय हरी', 'जय मल्हार', इंग्रजी शाळेतली पोरं घालतात ते 'गुड मॉर्निंग', काहीही घालून बघा. उत्तर ठरलेलं. आणि जोवर तुम्ही 'परतूर', 'मंठा' किंवा गेलाबाजार 'पिठाच्या गिरणीपर्यंत' असं ठोस ठिकाण सांगत नाही, तोवर पुढचं बोलणं सुरू होत नाही.

नाव किसनराव. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. पण किसनरावांचं घर कुठे, असं विचारलंत तर फाट्यावर कोणी दाखवणार नाही. 'कुठवर बापू' म्हणा, चहावाला हातातलं भांडं ठेवून दारापर्यंत सोडायला येईल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आले आणि बापूंच्या समोरचं घर भाड्यानं घेतलं. पहिल्याच सकाळी बापू ओट्यावर बसलेले दिसले. मी हात जोडून म्हटलं, "जय भीम, बापू." आमच्या घरात माणसाला माणूस भेटलं की हाच शब्द निघतो. आजोबांनी छप्पन साली जुना धर्म सोडला तेव्हा त्याबरोबर जुना नमस्कारही सोडला, आणि का सोडला हे आम्हा सगळ्या नातवंडांना नीट समजावून सांगितलं होतं.

बापूंनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "कुठवर?"

मी मनात म्हटलं, समजलं. जय भीम चुकवायच्या नाना तऱ्हा मी लहानपणापासून बघत आले आहे. कोणाला नेमका तेव्हाच फोन येतो, कोणी 'हां हां, बोला' म्हणून मोकळं होतं, कोणी नुसतीच मान हलवतं. ही नवी तऱ्हा दिसतेय. मग मीही हट्टाला पेटले. पंधरा दिवस रोज सकाळी, गरजेपेक्षा दुप्पट आवाजात, मी बापूंना जय भीम घातला. रोज त्यांनी "कुठवर?" विचारलं आणि रोज मी "शाळेवर!" असं फटकारून निघून गेले.

सोळाव्या दिवशी त्यांच्याच भावकीतले एक वजनदार पुढारी घाईघाईनं समोरून आले. "राम राम, बापू." बापूंनी विचारलं, "कुठवर?" पुढारी कावले. "अहो बापू, लघवीला चाललो!" बापूंनी शांतपणे मान डोलावली आणि म्हणाले, "जा मंग. जल्दी या." त्या दिवशी माझा राग पार निवळला. म्हातारा सगळ्यांनाच सारखा वागवतो, एवढं पटलं. यात माझी अर्धी चूक झाली होती, पण ते मला फार नंतर कळलं.

बापू रोज सकाळी सातला फाट्यावर हजर असतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही. तरी जीपवाले त्यांचं ऐकतात, कारण न ऐकलं तर बापू जीपसमोर उभे राहतात. प्रवासी आले की बापू त्यांची विभागणी करतात. परतूरवाले इकडे, मंठ्याचे तिकडे, जालन्याचे झाडाखाली. एकदा एक माणूस म्हणाला, आम्ही सगळे एका समाजाचे आहोत, आम्हाला एकाच जीपमध्ये बसवा. बापू म्हणाले, "समाज डिकीत टाका. उतरायचं कुठं ते बोला." त्या मंडळींना त्यांनी तीन जीपमध्ये तीन ठिकाणी बसवलं.

"म्याडम," ते मला सांगायचे, "मी तीस वर्सं तिकिटं फाडली. येकानंबी इचारलं न्हाई की शेजारी कोन बसलंय. भांडनं व्हायची ती खिडकीवरून. खिडकीवरून भांडावं मानसानं, हवा तरी लागती."

धर्मावर त्यांचं एक भाषण तयार होतं. ते कोणालाही, कधीही ऐकावं लागे. "धर्म मंजी काय, तं बोर्ड. गाडीच्या कपाळाला लावतेत तो. कामून लावतेत? गाडी कुठं चालली ते कळावं म्हून. आता समदे जन बोर्डच डोक्यावर घेऊन हिंडून राह्यले. माझा बोर्ड मोठा का तुझा मोठा. गाडीचा पत्ता न्हाई!"

सप्ताहाला आलेल्या कीर्तनकारांना त्यांनी भर मंडपात विचारलं होतं, "महाराज, वैकुंठाची गाडी थेट हाय का मदी बदलावी लागती?" महाराजांनी विठ्ठलाचा गजर सुरू करून वेळ मारून नेली. पंक्चरवाल्या रफीकभाईंना हाच प्रश्न जन्नतबद्दल विचारला. रफीकभाई टायर पाण्यात बुडवत म्हणाले, "बापू, पहले येच गाडी चलने दो." एकदा आमच्या विहारात भंतेजी आले होते. बापू तिथंही पोचले. "भंतेजी, निर्वानाचं परतीचं तिकीट भेटतं का?" भंतेजी हसले आणि म्हणाले, "नाही. म्हणून तर जायचं." हे एकच उत्तर बापूंना आवडलं, असं मी सांगणार, आणि बाई आपल्या बाजूचं सांगतात असं तुम्ही म्हणणार. म्हणा.

शिक्षकांना शिकवणं सोडून सगळी कामं असतात. असंच एक सर्वेक्षण घेऊन मी त्यांच्या घरी गेले. रकाना आला, धर्म. बापू म्हणाले, "प्रवासी."

"बापू, तसा पर्याय नाही."

"मंग इतर लिहा."

आतून मथुराकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "हिंदू लिहा ओ बाई! त्यायचं काय ऐकून राह्यल्या!" काकू देवभोळ्या. दर सोमवारी बापू त्यांना देवळापर्यंत सोडतात आणि बाहेर चपलांपाशी बसून राहतात. दर्ग्याच्या उरुसातही बापू चपलांपाशी, विहारात वंदना चालू असली तरी चपलांपाशी. "आत कोन काय म्हनतं ते मला समजत न्हाई. भाईर मात्र समद्यांच्या चपला येकाच चिखलाच्या." असं म्हणून ते कोणाचीही उलटी पडलेली चप्पल सुलटी करतात.

दुसरा त्यांचा छंद तिकीट पंचाचा. आता कंडक्टरकडे यंत्रं आली. पूर्वी लोखंडी पंच असायचा, दांडीवर टक टक वाजवत कंडक्टर मागून पुढे यायचा. बापूंच्या एका जुन्या पंचाचा दात तुटला, तो भंगारात निघाला, आणि बापूंनी तो मागून घेतला. त्याचं भोक गोल पडत नाही, अर्ध्या चंद्रासारखं पडतं. घरात येणाऱ्या प्रत्येक निमंत्रणपत्रिकेला बापू एक भोक पाडतात. सप्ताह असो, उरूस असो, वास्तुशांत असो. "तिकीट तपासलं," म्हणतात. पुढे पुढे स्वतःच्या पत्रिका संपल्या की माझ्या मागायला लागले. माझ्याकडच्या सगळ्या बुद्धजयंत्यांना आणि नामकरणविधींना बापूंचा अर्धा चंद्र आहे.

एकदाच आमचं कडाक्याचं वाजलं. बापू म्हणाले, राम राम काय आन जय भीम काय, समदे बोर्ड सारखेच. मी हातातलं दप्तर खाली ठेवलं. "बापू, एका मापानं मोजू नका. तुमचा राम राम तुम्हाला जन्मतः मिळाला. आमच्या पणजोबाला त्याच्या जागी जोहार घालावा लागायचा, वाकून, लांबून. जय भीम म्हणायला आम्ही ताठ उभे राहिलो. हा बोर्ड नाही, हा आमचा कणा आहे. आणि तुम्हाला तो घालायला जड जातं की काय?"

बापूंना उलट बोलायची भारी हौस. मी उत्तराची वाट बघत उभी राहिले. पण त्यांनी पंच खिशात घातला आणि ते घरात निघून गेले. दोन दिवस फाट्यावरही आले नाहीत. जीपवाल्यांनी त्या दोन दिवसांत मनसोक्त माणसं कोंबली.

मला वाटलं, मी जिंकले. मास्तरीण असले की असं वाटत राहतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक लग्नपत्रिका आली. घनसावंगीचं लग्न, माझ्या मावशीच्या सासरचं. नेहमीप्रमाणे बापूंनी हात पुढे केला. मी पत्रिका दिली. त्यांनी पंच काढला, पत्रिका त्यात सरकवली, आणि थांबले. निमंत्रक म्हणून खाली नवऱ्या मुलीच्या आजोबांचं नाव होतं. सुखदेव, आणि पुढे मोठ्या अभिमानानं 'सेवानिवृत्त चालक'.

बापूंनी पत्रिका पंचातून बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि मला परत दिली. भोक न पाडता.

"ओळखता का यांना?" मी विचारलं.

"एकोनीस वर्सं," बापू म्हणाले. "तो पुढं, मी मागं."

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. सुखदेव आणि बापू एकोणीस वर्षं एका गाडीवर. एकाचा डबा दुसरा खायचा. रोज सकाळी भेटले की सुखदेव म्हणायचा, "राम राम, बापू." आणि बापू म्हणायचे, "जय भीम, डायवर." उलटं. डेपोतले लोक हसायचे. सुखदेव सांगायचा, "आपला आपल्यापाशी हायेच की. द्यायचा तं दुसऱ्याचा द्यावा."

बापूंना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांचं मूळ गाव फाट्यापासून आत, पाच-सात किलोमीटरवर. त्या गावाच्या वेशीवर कमान बांधायची निघाली आणि नाव कोणाचं द्यायचं त्यावरून गाव दुभंगलं. बौद्ध वस्तीतल्यांना त्यांच्या महापुरुषाचं नाव पाहिजे, भावकीला आपल्या. एकमेकांच्या किराणा दुकानात जाणं बंद झालं. एकमेकांच्या मयतीला जाणं बंद झालं.

"त्या दिशी माझी सुट्टी व्हती," बापू सांगत होते. "पारावर भावकीची बैठक. चाळीस-पन्नास मानूस. मी बी जाऊन बसल्तो. सकाळची गाडी आली. सुखदेव दुसऱ्या कंडक्टरला घेऊन आल्ता. पारापाशी गाडी हळू केली. रोजच्यासारका खिडकीतून हात काडला. 'राम राम, बापू!' समद्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी रोज काय म्हनतो, समद्यायला ठाऊक व्हतं."

"मग?"

"मंग मी म्हनलं, राम राम."

मी पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही नव्हतं.

"एवढंच?"

"येवढंच, म्याडम. राम रामला राम राम. कोनी म्हनंल का त्यात वंगाळ काय? पारावरचे समदे खूस झाले. सुखदेवचा हात मात्र तसाच राह्यला खिडकीत. मंग त्यानं काच लावली. घंटी वाजायच्या आदीच गाडी काडली. एकोनीस वर्सांत पह्यल्यांदा. दुसऱ्या दिशी ड्युटी बदलून घेतली."

वीस वर्षं मी मुलांना भाषा शिकवते. दोन शब्द, दोन्ही शुद्ध, दोन्ही आदराचे, आणि त्यांनी माणसाला एवढं मारता येतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या सकाळी मला वाटलं होतं, हा माणूस जय भीम चुकवतोय. चुकवला तर होताच. एकदा. त्याची शिक्षा म्हणून त्यानं जगातले सगळेच नमस्कार तोंडातून काढून टाकले होते आणि कंडक्टरचा तेवढा एक शब्द ठेवला होता. आणि मी, शहाणी, त्याच ओट्यासमोर उभी राहून विचारलं होतं की घालायला जड जातं का.

"कमानीचं काय झालं?" मी विचारलं.

"दोन खांब हायेत. वर काईच न्हाई. शेरडं आंग घासतेत."

मी म्हटलं, फोन लावून देते, माझ्याकडे नंबर आहे. बापूंनी मान हलवली. "फोनवर न्हाई. चारचौघांत गिळलं, ते चारचौघांतच भाईर काडाया पाह्यजे." मग पत्रिकेकडे बघत म्हणाले, "लग्नाला मानसं असतीनच की."

लग्नाच्या दिवशी मी न्यायला गेले तर काकूंनी ओठावर बोट ठेवून मला दारातच थांबवलं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून बापूंचा. "जय भीम, डायवर." मग तांब्याभर पाणी. "जय भीम, डायवर." पुन्हा तांब्या. "सकाळधरून तिसरी अंघोळ हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतः इस्त्री केलेला पांढरा सदरा खाटेवर घडी घालून ठेवला होता.

गाडीत बसलो. पोरसवदा कंडक्टर यंत्र घेऊन आला आणि बापूंना विचारलं, "कुठवर, बाबा?"

अठरा वर्षं अख्ख्या फाट्याला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर देता येईना. मीच म्हटलं, "घनसावंगी, दोन." कंडक्टर म्हणाला, "तुमचं अर्धं, बाबांचं फुकट," आणि पुढे गेला. एरवी बापूंनी त्याला तिकीट देताना कुठे उभं राहावं ते शिकवलं असतं.

मंडपात गर्दी होती. येणारा प्रत्येकजण जय भीम म्हणत होता आणि प्रत्येकाला जय भीम मिळत होता. पहिल्या रांगेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून, सफारीत सुखदेव आबा बसले होते. आजूबाजूला मुलगे, जावई, समाजातली जुनी माणसं, तरुण पोरांचं टोळकं. आमच्यात आणि त्यांच्यात पंधरा पावलं असतील.

बापू मंडपाच्या दाराशी थांबले ते थांबलेच. मी ढकललं नाही. मला वाटलं, आता हे मागे फिरणार, आणि फिरले तर पुन्हा कधी येणार नाहीत. दोघांचीही वयं झाली होती.

बापूंनी खिशातून पंच काढला. शेजारी मंडपाचा लोखंडी खांब होता. त्यावर वाजवला. टक, टक.

सुखदेव आबांचा डावा पाय खुर्चीखाली आपोआप दाबला गेला. क्लच दाबावा तसा. मग त्यांनी मान वळवली.

"जय भीम, डायवर!" बापू ओरडले. तीस वर्षं थांब्यांची नावं ओरडलेला आवाज तो.

मंडपात कोणाचंही लक्ष गेलं नाही. सकाळपासून शेकड्यांनी जय भीम झाले होते, त्यात हा एक. एका बाईंनी जाता जाता "जय भीम, जय भीम, जेवन चालू हाय बरं का" असंही म्हटलं. वीस वर्षं अडून राहिलेला शब्द असा सहज गर्दीत मिसळून गेला.

सुखदेव आबांनी काळा चष्मा काढला. खुर्चीच्या दांड्याला धरून उभे राहिले. सगळी त्यांचीच माणसं भोवती होती. त्यांनी उजवा हात बाहेर काढला, खिडकीतून काढतात तसा, आणि मोठ्यानं म्हणाले, "राम राम, बापू!"

याकडे मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं. बोलणारे थांबले. तरुणांच्या टोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "आबा काय म्हनून राह्यले हे?" एका जावयानं त्यांचा कोपर धरला. आबांनी तो सोडवून घेतला. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही, हात खाली केला नाही.

मी स्वतः राम राम म्हणत नाही. म्हणणारही नाही, त्याची कारणं माझ्याजवळ पक्की आहेत. पण त्या दुपारी त्या मंडपात तो शब्द ऐकून मी ढसाढसा रडले आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नाही. पारावर बापूंना जे जमलं नव्हतं, ते आबांनी आपल्या पारावर उभं राहून करून दाखवलं होतं.

बापू ती पंधरा पावलं चालत गेले. आबांनी शेजारच्या खुर्चीवरची फुलांच्या पाकळ्यांची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि जागा केली.

"कुठवर?" आबांनी विचारलं.

"हितवरच," बापू म्हणाले, आणि बसले.